गभणे मॅडम आणि पीहूचं दुसरं बारसं

"अवो, नेपाळ! नेपाळ पुढे गेलं वो!"

सकाळचा चहा उकळत होता आणि भिंतीपलीकडून ही आरोळी आली. माझ्या हातातली गाळणीच सटकली. मला वाटलं भूकंप झाला. आमचे हे रात्रपाळी करून नुकते आडवे झाले होते, ते लुंगी सावरत अंगणात धावले, कारण त्यांना वाटलं क्रिकेट. दोघं बाहेर येऊन बघतो तर मधल्या भिंतीवरून एक हिंदी पेपर हवेत फडफडतोय. पेपर धरणारी बाई दिसतच नव्हती. भिंत खांद्याएवढीच उंच होती म्हणा, पण पलीकडे गभणे मॅडम उभ्या होत्या.

"कायचं नेपाळ मॅडम?" यांनी वैतागून विचारलं.

"लेकरांच्या उंचीचं! पाच वर्षांखालच्या लेकरांचं. किती लेकरं वयापरमानं वाढली, किती खुंटली. नेपाळनं पाहा कशी मजल मारली! अन् बांगलादेश? कुठून कुठं आला बाप्पा! श्रीलंका त काय, कवाचीच पुढे हाय. आपनच घसटत चाललो, पाकिस्तानच्या संगतीनं."

आमचे हे आत जाऊन झोपले. मी मात्र तिथेच उभी राहिले आणि माझा चहा उतू गेला. त्या दिवसापासून पुढची कितीतरी वर्षं माझा चहा त्या बाईपायी उतू जात राहिला, आणि मला त्याचा राग येई, आणि तरी भिंतीपाशी मी जायचीच. दुसरं कोण सांगणार होतं मला की भूतानची पोरं कशी वाढून राहिली म्हणून?

गभणे मॅडम भिलाईच्या टाउनशिपमधल्या एका हिंदी शाळेत भूगोल शिकवायच्या. मूळच्या भंडाऱ्याकडच्या, आमच्यासारख्याच. गभणे भाऊजी तिथल्या पोलाद कारखान्याच्या रेल मिलमध्ये होते. दोघंही निवृत्त झाल्यावर आमच्या शेजारच्या क्वार्टरमध्ये भाड्याच्या करारावर राहत. भाऊजी बोलत नसत. कधी विचारलं तर म्हणत, "ती बोलते न, दोघांचं होऊन जाते."

मॅडम फार बुटक्या होत्या. शाळेत नकाशा टांगायचा तर स्टूल लागे, आणि आठवीची पोरं त्यांच्या डोक्यावरून पलीकडच्या पोरींना चिठ्ठ्या फेकत. पण बाईंचा आवाज! मागच्या बाकावरचा पोरगा दचकून उभा राही. मी एकदा हसत म्हटलं, "मॅडम, एवढ्याश्या तुम्ही, अन् आवाज कोठून काढता?" तर म्हणाल्या, "खालून फेकलेला आवाज लांब जाते, नंदाबाई. तोफ पाहा." मी तोफ काही पाहिली नव्हती, पण पटलं.

त्यांना देश माणसांसारखे वाटत. श्रीलंका म्हणजे शहाणी मोठी बहीण, नेपाळ कष्टाळू, बांगलादेश म्हणजे काल गरीब होता अन् आज गल्लीत सगळ्यांना मागे टाकणारा भाडेकरू. अफगाणिस्तानचं नाव काढलं की मॅडमचा आवाज एकदम खाली येई, "तिथलं नका बोलू, लेकरं हायेत ती." दिवाळीला सगळ्या बायका कमळं आणि मोर काढायच्या, तर मॅडमच्या अंगणात रांगोळीचा नकाशा! शेजारचे सगळे देश, आणि लेकरं जितकी जास्त खुंटलेली तितका रंग गडद. आपला देश मोठा, म्हणून त्यालाच सगळ्यात जास्त रांगोळी लागे. फराळाचं ताट घेऊन आलेल्या मिश्राईन भाभीचा पाय एकदा मालदीववर पडला, तर मॅडम केवढ्या ओरडल्या! भाभी बिचारी ताट तिथेच ठेवून पळाली. करंज्या आम्हीच खाल्ल्या.

एकदा आपण क्रिकेटमध्ये बांगलादेशला हरवलं. गल्लीत पोट्ट्यांनी लड लावली. मॅडम तडक फाटकाबाहेर. "कायचे फटाके रे? काहाले वाजवून राहिले?"

"मैडम, जीत गए ना हम!"

"बॅटबॉलमध्ये जिंकले. त्यांची लेकरं आपल्यापेक्षा झपाट्यानं वाढून राहिली, ते कोन जिंकनार? तुझा बाप?" पोट्ट्याचा बाप माझ्यामागेच उभा होता. तो म्हणाला, "मैडम, बड़े होके मेरे लड़के भी लंबे हो जाएँगे." मॅडमनी त्याच्याकडे खालपासून वर पाहिलं आणि म्हणाल्या, "बड़े होके नाही. दोन वर्षांच्या आत. मग गाडी सुटते."

मला हे कोडं वाटे. लेकरू भुकेलं असलं तर वाळतं, हाडं दिसतात, हे तर कोणीही सांगेल. मग उंचीचं एवढं काय? एक दिवस माझ्या स्वयंपाकघरात मेथी निवडता निवडता त्यांनी मला समजावलं.

"वाळलेलं लेकरू दुरून दिसते नंदाबाई. खुंटलेलं नाही दिसत. ते गुटगुटीत राहते, हसते, खेळते. फक्त वयापेक्षा लहान दिसते. अन् दोन वर्षांचं लेकरू एका वर्षाचं वाटलं का आपन काय म्हनतो? 'माय वो, किती गोड!' म्हनतो. गालगुच्चा घेतो. अन् आतून त्याचं सारंच मागे पडून राहते. हाडं, डोकं, सारं."

मेथी तशीच राहिली. माझ्या डोळ्यांपुढे माझ्या माहेरची, सासरची, गल्लीतली किती गोड गोड लेकरं येऊन गेली.

निवृत्त झाल्यावर मॅडमनी सुताराकडून एक फळी करून घेतली. लांब, गुळगुळीत. एका टोकाला उभी पाटी ठोकलेली, ती डोक्याशी, दुसरी पाटी सरकणारी, ती तळपायाशी. कडेनं मापाची पट्टी. दोन वर्षांखालच्या लेकराला त्यावर निजवून मोजायचं, कारण ते सरळ उभं राहत नाही. ही फळी भाऊजी मोपेडवर पायापाशी आडवी ठेवत आणि मॅडम मागे बसत. सेक्टरात कुठे पाळणा हलला की दुसऱ्या महिन्यात फळी हजर. लोक दार लावून घ्यायचे. "दाई ओ, फळीवाली आ गे," अशी एक छत्तीसगढी बाई ओरडलेली मी ऐकली आहे. मॅडमना त्याचं काही नाही. "दार लावलं म्हनजे घरात लेकरू हाय, पक्कं," असं म्हणून त्या खिडकीकडे वळायच्या. मोजायला दोघी लागतात, म्हणून मला ओढत नेत. माझं काम डोकं धरायचं. मी कुरकुर करायची, पण लुगड्याला इस्त्री आदल्या रात्रीच करून ठेवायची, खोटं कशाला बोलू!

आणि मग पीहू आली.

टाउनशिपलगतच्या मरोद्यात राहांगडालेंकडे संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. त्यांचा मुलगा रसमड्याच्या एका कारखान्यात ठेकेदाराकडे कामाला, सून प्रियंका दुर्गात वाढलेली, अर्धी मराठी अर्धी हिंदी बोलणारी. घरात राज्य मात्र सासूचं, भागरता आजीचं. आजी माझ्या माहेरगावची, गळ्यात तुळशीची माळ, शब्द म्हणजे शेवटचा. बायका बसलेल्या, तिळगूळ चाललेला, आणि एक पोरगी भिंतीला धरून टुमटुम चालत आली. गाल असे की लोण्याचे गोळे. सगळ्या बायका एकदम विरघळल्या.

"किती महिन्यांची वो? नऊ? दहा?" कोणीतरी विचारलं.

"सव्वा साल की हो गई," प्रियंका म्हणाली.

माझ्या शेजारी मॅडमचा हात तिळगुळासकट थांबला. मी ओळखलं. आता ही बाई ऐकत नाही.

मॅडम बाहेर गेल्या आणि दारात थांबवलेल्या ऑटोतून फळी घेऊन आल्या. गोड बोलून, हसत, पीहूला मांडीवर घेतलं. फळी जमिनीवर ठेवली, आणि पीहूला निजवणार एवढ्यात भागरता आजी अशी उठली की तिळगुळाचं ताट उलटलं.

"उचल! उचल ते लाकूड माझ्या घरातून!"

"आजी, फक्त उंची..."

"आडवं टाकून मोजत नसतेत लेकराले! आडवं मोजतेत ते मेल्यावर!" आजीनं पीहूला ओढून कडेवर घेतलं. "माझ्या लेकाले, रामूले, मोजलं होतं असंच. बांबू आनला अन् मोजला. एवढासा त होता. तुमी शिकले-सवरले, तुमाले काय समजते?"

मी सांगते, मला त्या क्षणी जमिनीत जावंसं वाटलं. पण आजी थांबली नाही, रडू येऊ नये म्हणून अजून चिडली. "अन् उंचीचं काय घेऊन बसली? आमच्यात सारेच बुटके. मी पाहा. हिचा बाप पाहा. रक्तातच हाय ते. पोरगी कुटून होईन उंच?"

मॅडमनी फळी उचलली, तिच्यावर आपला पदर टाकून ती झाकली, आजीला वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडल्या.

ऑटो सिविक सेंटरपर्यंत आला तरी बाई गप्प. मला भीतीच वाटायला लागली. भाऊजींसारखी झाली की काय ही! मग एकदम म्हणाल्या, "आजीचं खरं हाय नंदाबाई. माझ्या कधी डोक्यातच नाही आलं. एवढ्या घरी फिरली मी ही फळी घेऊन." आणि थोड्या वेळानं, "पन पीहूले दोन वर्षं व्हायच्या आत काही केलं पाहिजे. ते गाल पाहून सगळे खुश हायेत वो. मले ती पोरगी हातातून जाऊ द्यायची नाही." त्यांचे डोळे भरले होते. मी त्यांना तसं कधी पाहिलं नव्हतं, म्हणून मी ऑटोवाल्याशी उगीच भाड्यावरून भांडायला लागले.

पुढच्या रविवारी मॅडमनी हाक मारली, "चला मरोद्याला." मी म्हटलं, बाई, तुम्हाला लाज नाही का? तर म्हणे, "फळी नाही नेत. भाऊ नेऊन राहिली."

हा भाऊ मी पहिल्यांदाच पाहिला. भास्करराव. अग्निशमन दलातून निवृत्त झालेले. अवाढव्य! ऑटोत बसले तर गुडघे ड्रायव्हरच्या पाठीला. राहांगडालेंच्या दारात मॅडमनी बजावलं, "भास्कर, वाक." ते वाकले आणि तरी कपाळ चौकटीला धाडकन आपटलं. आजी आतून बघत होती. तिचं तोंड उघडंच राहिलं.

"हे कोन वो?"

"माझा लहाना भाऊ."

"मावसभाऊ?"

"सख्खा. एका माय-बापाचा."

आजीनं एकदा मॅडमकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे. "खोटं बोलून राहिली."

"तुमच्या गळ्यातल्या माळेची आन आजी."

मग आजीनं काय केलं माहीत आहे? दोघांना अंगणात नेलं आणि पाठीला पाठ लावून उभं केलं. मॅडमचं डोकं भावाच्या कोपराच्या थोडंसं वर. शेजारच्या घरांतून माणसं गोळा झाली. प्रियंका पीहूला कडेवर घेऊन हसायला लागली. मॅडमही हसत होत्या. हसत हसतच त्यांनी सांगितलं.

"मी गावी झाली आजी. पवनीकडं. माय धानाच्या रोवन्याले जाये, मी बांधावर. भाताचं पानी प्यायची अन् उरलंसुरलं खायची. मग बाबा इथं प्लांटात लागला, आमी भिलाईले आलो, अन् भास्कर इथं झाला. रेशन होतं, नळाचं पानी होतं, मायनं कोंबड्या पाळल्या. दूध येये. तेच रक्त, तेच माय-बाप. देवानं मले बुटकी नाही केलं आजी. भुकेनं केलं."

आता कोणी हसत नव्हतं. भास्करराव एवढा मोठा माणूस, खाली बघत म्हणाले, "दुधाच्या लाइनीत ताई उभी राहे. पिऊन टाकायचो मी."

आजी वळली. आत गेली, चहा घेऊन आली. कप दिले. मग मॅडमच्या समोर खाली बसली आणि विचारलं, "पाळन्यात लेकरू आडवंच राहते न?"

"हो आजी."

"मंग तुझी फळी पाळन्यात घाल. वर कपडा टाक. गानं म्हना, नाव घ्या. बारसं समजून मोजा. मी मंग काही म्हनत नाही."

मॅडमनी आजीचे दोन्ही हात धरले आणि असा आनंदाचा चीत्कार काढला की कोपऱ्यातलं मांजर पळालं. "आजी! मले आयुष्यात नसतं सुचलं!" आणि खरंच नसतं सुचलं. एवढ्या शिकलेल्या बाई, एवढे देश पाठ, पण पाळण्यात निजलेलं लेकरू कोणी मेलेलं म्हणत नाही, हे त्या माळकरी म्हातारीलाच दिसलं.

तर असं सव्वा वर्षाच्या पोरीचं दुसरं बारसं ठरलं! मरोद्यात असं कधी झालं नव्हतं आणि पुन्हा होईल की नाही कोण जाणे. गोंधळ तर विचारू नका. पाळणा छोटा, पोरगी चालती-बोलती. एक पाय आत घातला की दुसरा बाहेर. फळीवर हिरवा खण अंथरला, हळदकुंकू वाहिलं. बायका "गोविंद घ्या, गोपाळ घ्या" करायला लागल्या, पण त्यात एक बाहुली घेऊन, कारण पीहू कोणाच्या हातात थांबेना. प्रियंका तर हसून हसून म्हणाली, "आई, सच में, शादी भी यहीं कर दो इसकी." आणि गाणं म्हणजे मॅडमनी स्वतः जुळवलेलं. भूगोलाच्या बाईनं रचलेला पाळणा कसा असणार? पण आवाज तोफेचा, म्हणून सगळ्यांनी मागून म्हटलं:

शेजारीणबाई लंका गं, उंच तिची लेकरं,
नेपाळ चढते डोंगर गं, घेऊन आपली पाखरं,
पीहूबाई आमची गं, मागं नाही राहायची,
वाटीभर वरन खाऊन गं, आभाळाले शिवायची!

शेवटच्या ओळीला पीहू एकदम गप्प झाली आणि टकामका बघत राहिली. "धर नंदाबाई, धर!" मी डोकं धरलं, प्रियंकानं गुडघे दाबले, मॅडमनी पाटी सरकवली. पीहूनं माझं मंगळसूत्र खेचलं. झालं. माप घेतलं.

मॅडमनी पिशवीतून आलेखाचा कागद काढला, बोट ठेवलं. मी त्यांचा चेहरा बघत होते. त्यांना लपवता कधी येत नसे.

"कमी हाय आजी," त्या म्हणाल्या. "लई कमी हाय. या वयाची जी रेघ हाय तिच्या बरंच खाली."

गाणं थांबलं. प्रियंकाला रडू कोसळलं. "मैंने तो सब खिलाया, मॅडम. सब."

"तू खाऊ घातलं बाई, कोन नाही म्हनते? पीहूचं ताट कुठं हाय?"

"ताट?"

"ती कोनाच्या ताटात जेवते?"

तेव्हा कळलं. पीहू सगळ्यांच्या ताटात जेवायची. आजी एक घास द्यायची, आजोबा एक, काका एक, शेजारीण एक. लाडकी ना! प्रत्येकाला वाटे, दुसऱ्यांनी भरवलंच असेल. आणि मध्येमध्ये चहात बुडवलेलं बिस्कीट, म्हणजे भूक मेलीच. वरण दिलं तर वरचं पाणी, "लेकराले पचत नाही" म्हणून. भरल्या घरात, सगळ्यांच्या मांडीवर बसून, पोरगी अर्धपोटी होती. आणि कोणाचीच चूक नव्हती. हे ऐकून मला माझ्या घरच्या जेवणाचं चित्र आठवलं.

भागरता आजीनं डोळे पुसले. "आता काय कराचं ते सांग. रडून होत नसते काही."

"पीहूची वेगळी वाटी. तिचीच. भरून द्यायची, अन् संपली का नाही ते पाहायचं. वरन घट्ट. शेंगदान्याचा कूट, भाजी, दूध, जमलं त अंडं."

'अंडं' म्हटल्यावर सगळ्यांनी आजीच्या माळेकडे पाहिलं. त्या घरात अंडं कधी उंबरठा ओलांडून आलं नव्हतं. आजीनं माळेला हात लावला, विचार केला आणि म्हणाली, "अंगनात वेगळी चूल मांडतो. मी तोंड फिरवून बसन."

आणि बसली! देवाशपथ सांगते, ती म्हातारी रोज सकाळी अंगणात चुलीकडे पाठ करून बसायची आणि पाठीमागून हुकूम सोडायची, "शिजलं का? सोल. कूट कर. अख्खं नको देऊ, अडकन!" बिस्किटाच्या पुड्याला घरबंदी झाली. मरोद्याच्या बाजारात कोणी पीहूच्या हातात कुरकुरीत पाकीट ठेवलं तर आजी त्या माणसाच्या सात पिढ्या काढायची. वाटी संपली की मॅडमना फोन: "संपली!" नाही संपली तरी फोन: "हिनं कुत्र्याले देल्ली वो!" इकडे मॅडम भिंतीवरून मला ऐकवणार. कधी श्रीलंका, कधी पीहू. मला वाटायचं, हिच्या नकाशात मरोदा नावाचा एक देशच आलाय. पावसाळ्यात पीहूला हगवण लागली, तेव्हा दोघी म्हाताऱ्यांनी तिला दवाखान्यात नेलं आणि बाहेरच्या बाकावर एकमेकींचे हात धरून बसल्या होत्या. कोण कोणाला धीर देत होतं, मला कळलं नाही. पोरगी बरी झाली, पण वाळली, आणि पुन्हा वाटीपासून सुरुवात.

दरम्यान गभणेंच्या क्वार्टरचा करार संपला. मुलगा नागपूरला, त्यानं फ्लॅट घेतलेला. जायचं ठरलं. मॅडम कधी नव्हे ते चिडचिड करायला लागल्या. सामान बांधायच्या आणि सोडायच्या. "पीहूले दोन वर्षं होऊन राहिली," एवढंच म्हणायच्या. दोन वर्षांनंतर लेकराला उभं करून मोजतात. ते माप बघितल्याशिवाय बाईंना जायचं नव्हतं, आणि त्यातच पीहूच्या घरी लग्न निघालं, सगळे गोंदियाला गेले. ट्रक लागायचा दिवस आला तरी ते परतले नव्हते.

ट्रक भरला. कपाट, पलंग, नकाशांची गुंडाळी. भाऊजी ड्रायव्हरशेजारी जाऊन बसलेसुद्धा. मॅडम फाटकात उभ्या, रस्त्याकडे बघत. ड्रायव्हर ओरडला, "माताजी, चलो!" मी म्हटलं, "मॅडम, मी मोजते हो नंतर. फोन करते." त्यांनी मान हलवली, पण हलल्या नाहीत.

आणि तेवढ्यात ऑटो! आत आजी, प्रियंका आणि पीहू. ऑटो थांबायच्या आधीच आजी ओरडत होती, "थांबवा वो तो ट्रक! डायरेक स्टेशनावरून येऊन राहिलो!"

पीहू उतरली आणि आपल्या पायांनी धावत आली. मॅडमनी तिला रिकाम्या क्वार्टरच्या भिंतीशी उभं केलं, टाचा भिंतीला, डोकं भिंतीला. टेप प्रियंकानं धरला. पीहू एकदा चवड्यांवर उभी राहिली. "बदमाश! टाच खाली!" मॅडमनी डोक्यावर पुस्तक आडवं धरलं, खूण केली. आलेखावर बोट नेलं.

"अजून रेघेच्या खाली हाय," मॅडम म्हणाल्या. आजीचा चेहरा उतरला. "पन पाहा वो आजी, पाहा! केवढी वर आली! अंतर किती राहिलं, हे एवढंसं! अजून वर्षभर वाटी नाही सोडली त गाठते ही, गाठते!" आणि ती निवृत्त शिक्षिका रस्त्यावर, ट्रकवाल्यासमोर, पीहूला घेऊन गरागरा फिरली. मी रडत होते की हसत होते, माझं मलाच कळेना. मिश्राईन भाभीनं फाटकातून टाळ्या वाजवल्या.

आजी मात्र पायरीवर बसून राहिली होती. मॅडम तिच्याजवळ गेल्या. आजीनं वर न बघता विचारलं,

"माझा रामूबी असाच गुटगुटीत होता वो. सारे गालगुच्चे घ्यायचे. थंडीतापानं दोन दिवसांत गेला. कोनी मोजलं असतं त... राहिला असता का वो?"

खोटं मॅडमना कधी जमलं नाही आणि खरं सांगवेना. त्या आजीला लागून पायरीवर बसल्या, त्यांचे पाय जमिनीला जेमतेम टेकत होते, आणि आजीचेही. ट्रकनं एकदा हॉर्न दिला, दुसऱ्यांदा दिला. भाऊजींनी ड्रायव्हरच्या हातावर हात ठेवला आणि म्हणाले, "बैठने दो."

बऱ्याच वेळानं मॅडम उठल्या. भाऊजींनी वरून हात देऊन त्यांना ओढून घेतलं. ट्रकची खिडकी उंच, त्यामुळे आत बसल्यावर मॅडम दिसेचनात. ट्रक हलला तसा खिडकीतून फक्त त्यांचा हात बाहेर आला. मला वाटलं निरोपाचा हात हलवतील. हात हलला नाही. तळवा आडवा धरून, लेकराच्या डोक्यावर ठेवतात तसा, त्यांनी तो हळूहळू वर नेला, आणखी वर, हात पुरेल तितका वर. ट्रक वळणावर दिसेनासा होईपर्यंत तो तिथेच होता, आणि इकडे भागरता आजीनं पीहूला उचलून आपल्या खांद्यावर बसवलं होतं.